आमची वाटचाल : जुन्या गाडीचा हरवलेला रिमोट

आर्वीच्या बाजारात दुकान सुरू झालं तेव्हा काम साधं होतं. कुलपाची, मोटरसायकलची, ट्रॅक्टरची चावी कापून द्यायची. ब्लँकची, म्हणजे न कापलेल्या चाव्यांची फळी, कानस आणि कटिंग मशीन एवढीच सामग्री. चारचाकीची चावीही तेव्हा नुसती धातूची असे. दाते जुळले की गाडी चालू. २००० नंतर बोलेरो, वॅगन-आर, स्कॉर्पिओ आणि पुढे स्विफ्ट गावोगावी दिसू लागल्या, तसे चावीसोबत रिमोटही आले. त्याच गाड्या आज जुन्या झाल्या आहेत. त्यांचे रिमोट कापूस वेचताना वावरात पडतात, लग्नाच्या मांडवात हरवतात, खिशातच राहून धुण्यात जातात. आमच्या टेबलावरचं मोठं काम आता हेच आहे.

गिऱ्हाईक आलं की आम्ही आधी विचारतो, भाऊ, गाडी चालू होते का? कारण दार उघडणं आणि इंजिन चालू होणं या दोन वेगळ्या यंत्रणा आहेत. रिमोट ४३३.९२ मेगाहर्ट्झवर संदेश पाठवतो, त्याला सेल लागतो आणि त्याचं काम दारापुरतं. इंजिनाला परवानगी देणारी चिप चावीच्या डोक्यात असते. तिला सेल लागत नाही; इग्निशनच्या कुलपाभोवतीची कॉइल तिला जवळून ऊर्जा देते. नुसता रिमोट हरवला आणि चावी हातात असेल, तर खर्च थोडक्यात आटोपतो. चिपवाली चावीच गेली असेल, तर काम वेगळं.

दुसरी तपासणी म्हणजे रिमोट कंपनीतून आलेला की नंतर बसवलेला. बॉनेटखाली वेगळा सायरन, डॅशबोर्डवर चिकटवलेला लुकलुकणारा लाल किंवा निळा दिवा, स्टिअरिंगखाली लपवलेलं छोटं बटण, यांपैकी काही दिसलं तर सिस्टिम बहुधा बाहेरची. तिचा डबा, म्हणजे रिमोटचा संदेश ऐकून दार उघडणारं यंत्र, डॅशबोर्डच्या आत असतो आणि त्यावर मॉडेलचा नंबर असतो. तो नंबर हाच खरा धागा. रिमोटचं कव्हर सारखं दिसतं म्हणून ऑनलाइन मागवलेला रिमोट कितीतरी वेळा निरुपयोगी ठरतो, कारण आतलं सर्किट वेगळं असतं. काही तर ३१५ मेगाहर्ट्झचे निघतात आणि आपल्याकडच्या डब्याला ते ऐकूच येत नाहीत.

योग्य रिमोट मिळाला की तो डब्याला शिकवायचा. बऱ्याच सिस्टिममध्ये इग्निशन चालू करून ते लपवलेलं बटण ठरावीक वेळा दाबतात, सायरन किंवा इंडिकेटरची खूण मिळाली की रिमोटचं बटण दाबतात. किती वेळा दाबायचं ते मॉडेलवर अवलंबून आहे. पुष्कळ डब्यांत चारच रिमोट मावतात, पाचवा शिकवला की सर्वांत जुना पुसला जातो. म्हणून आम्ही चारही जागा मुद्दाम भरतो: एकच रिमोट असेल तर तोच चार वेळा शिकवतो, दोन असतील तर दोघांना दोन-दोन वेळा. ज्या डब्यात हे चालत नाही, तिथे सगळी मेमरी पुसून हातातले रिमोट नव्याने शिकवतो. हे टाळलं तर हरवलेला रिमोट ज्याला सापडेल, त्याच्यासाठी गाडी उघडीच राहते.

'हा रिमोट कॉपी करून द्या' असंही लोक म्हणतात. काही फाटकांच्या रिमोटसारखा फिक्स, म्हणजे न बदलणारा कोड असेल तर कॉपी होते. गाडीच्या रिमोटमध्ये बहुधा रोलिंग कोड असतो. दर दाबाला कोड बदलतो आणि डबा पुढच्या कोडची वाट पाहतो. कीलॉक नावाच्या रोलिंग कोडच्या पद्धतीत मुलांनी लांबून बटण दाबून रिमोट १६ पेक्षा जास्त कोड पुढे नेला, तर पहिल्या दाबाला दार उघडत नाही. गाडीजवळ लागोपाठ दोनदा दाबलं की बहुतेक वेळा जुळून येतं. रिमोट बिघडला असं समजून लोक इथेच पैसे घालवतात.

जुना डबा किंवा त्याचा रिमोट बाजारातून गेला असेल तर नवीन किट बसवतो: डबा, दोन रिमोट, वायरिंग. घाई केली तर खरं नुकसान इथे होतं. सेंट्रल लॉकच्या वायरी तीन प्रकारे चालतात. काहींना अर्थ (मायनस) द्यावा लागतो, काहींना प्लस, काहींत मोटरच्या दोन वायरींची दिशाच उलटावी लागते. मल्टीमीटर न लावता रंग पाहून जोडलं की रिले जळतो. ड्रायव्हरच्या दारात बहुधा पाच वायरींची मोटर असते, बाकीच्या दारांत दोन वायरींची. तीही आधी तपासतो. मुख्य प्लसला बॅटरीच्या बाजूनेच फ्यूज. जोडाला सोल्डरचा डाग देऊन वर हीट श्रिंक, म्हणजे गरम केल्यावर आवळणारी नळी, नुसती टेप नाही. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, बंद गाडीत टेपचा गोंद वितळतो आणि वायर उघडी पडते.

किटमध्ये स्टार्टर बंद करणारा रिले येतो, तो आम्ही सहसा जोडत नाही. रात्री ओलिताला गेलेल्या माणसाची गाडी रिमोटचा सेल उतरला म्हणून धुऱ्यावर अडकू नये.

चिपच्या कामासाठी पुढे स्कॅनर आणि प्रोग्रॅमर घेतले. डॅशबोर्डखालच्या १६ पिनच्या सॉकेटला मशीन लावून चिप नोंदवतात, पण आधी बॅटरी मोजायची. १२.४ व्होल्टच्या खाली असेल तर बाहेरून दुसरी बॅटरी जोडतो. मध्येच व्होल्टेज पडलं तर नोंदणी अर्धवट राहते. नोंदणीत काही गाड्या जुन्या सगळ्या चाव्या विसरतात, म्हणून घरातली प्रत्येक चावी सोबत हवी. एकही चावी उरली नसेल तर कंपनीचा पिन कोड लागतो, किंवा इमोबिलायझरच्या, म्हणजे चावीची चिप ओळखणाऱ्या डब्यातली आठ पायांची मेमरी आयसी वाचावी लागते. तेव्हा वाचलेली मूळ फाइल जपून ठेवल्याशिवाय एकही अक्षर बदलत नाही. दाते कापायला चावीसोबत आलेल्या बिल्ल्यावरचा नंबर पुरतो. बिल्ला नसेल तर दाराचं कुलूप काढून आतल्या धातूच्या पट्ट्यांवरून माप घेतो.

चावीचं कव्हर घरी बदलणाऱ्यांना एक कळकळीची विनंती. जुनं कव्हर फेकण्याआधी आत पाहा. चिप तांदळाच्या दाण्यापेक्षा थोडी मोठी, काचेची किंवा काळी, आणि पुष्कळदा सर्किटवर नसून प्लास्टिकच्या खाचेत वेगळी बसवलेली असते. ती कचऱ्यात गेली की दार उघडतं, स्टार्टर फिरतो, पण इंजिन धरत नाही. किंवा क्षणभर चालू होऊन बंद पडतं.

रिमोट हरवला नसून मेला असेल तर आधी सेल. सीआर २०३२ म्हणजे २० मिलिमीटर व्यासाचा, ३.२ मिलिमीटर जाड. त्याजागी पातळ २०२५ घातला तर खड्ड्यात संपर्क सुटतो. जुन्या बाहेरच्या रिमोटात १२ व्होल्टचा बारका सेलही असतो. सेल चांगला असेल तर बटणाखालचा स्विच झिजलेला किंवा त्याचा डाग तुटलेला सापडतो, तो बदलता येतो. रिमोटचा दिवा लागतो, डब्याचा टकटक आवाजही येतो आणि दार हलत नाही, तर रिमोटला दोष देऊ नका. दार आणि खांबाच्या मधल्या रबरी नळीत वायर तुटलेली असते, उघडझाप होऊन.

येताना आरसी, ओळखपत्र आणि घरातल्या सगळ्या चाव्या-रिमोट आणा. कागद पाहून वहीत नोंद केल्याशिवाय आम्ही कोणाच्याही गाडीची चावी बनवत नाही, ओळखीच्या माणसाचीही नाही. हरवल्याची नोंद पोलिसांकडे करून तिची प्रत विम्याच्या कागदांत ठेवा. गाडी चोरीला गेली तर विमा कंपनी मूळच्या दोन्ही चाव्या मागते. सगळ्याच चाव्या गेल्या असतील तर गाडी टोचन लावून आणू नका, स्टिअरिंग लॉक असेल तर वळणावर घात होतो. फोन करा, मशीन घेऊन आम्हीच गावात येतो.