देगलूरकडचे धोंडे आणि आखाड्यावरचा मुक्काम

महाराष्ट्रात प्रस्तरारोहण म्हटलं की डोळ्यासमोर येतो काळा बेसॉल्ट, सह्याद्रीचे सुळके आणि हातात निघून येणारी धरं (पकडायच्या खाचा-कंगोरे). ग्रॅनाइटला हात लावायचा तर हंपी गाठायची, अशी आपल्याकडे जवळपास सगळ्यांची समजूत आहे. नांदेड जिल्ह्याचा आग्नेय कोपरा मात्र वेगळा आहे. देगलूर, मुखेड, बिलोलीकडे लाव्ह्याचा थर संपतो आणि खालचा जुना खडक उघडा पडतो. दख्खनचा लाव्हा साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, तर हा दगड सुमारे अडीच अब्ज वर्षांचा. जवारीच्या रानात मध्येच एकावर एक रचल्यासारखे गोल धोंडे दिसू लागले की आलात म्हणून समजा.

दोर लावून चढावं एवढी उंची इथे फारशी नाही. काम आहे ते बोल्डरिंगचं. खाली गादी टाकायची, मागे दोघांनी हात वर करून उभं राहायचं आणि दोन-तीन पुरुष उंचीचा धोंडा चढायचा. पण चढाईइतकंच आम्हाला दुसऱ्या एका गोष्टीसाठी जायचं होतं. थंडीत नोकरीतून सुट्ट्या साठवून, कमी पैशांत, सगळ्यांनी मिळून एका जागी राहायचं आणि रोज चढायचं. जगभरचे क्लाइंबर असं राहत आले आहेत. अमेरिकेत योसेमिटीच्या कॅम्प ४ मध्ये १९५०-६० च्या दशकात पोरं तंबूत राहून, मिळेल ते खाऊन चढत होती. इव्हॉन शुइनार्ड हा क्लाइंबर तर गाडीच्या डिकीतून स्वतः घडवलेले पिटॉन (खडकाच्या फटीत ठोकायच्या मेखा) विकून दिवस काढायचा. २००३ साली त्या तळाची तिथल्या राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळांच्या यादीत नोंद झाली. हे सगळं वाचायला छान वाटतं. पण तो सरकारी उद्यानातला तळ, आणि आपण जातो ते कोणाच्या तरी शेतात. हा फरक आधी डोक्यात पक्का बसवून निघावं.

जायचं कसं ते सांगतो. मुंबई किंवा संभाजीनगरहून देवगिरी एक्सप्रेस नांदेडला सोडते. पुण्याहूनही थेट गाडी आहे. नांदेडहून देगलूर ऐंशी-पंच्याऐंशी किलोमीटर, नायगाव-नरसीमार्गे एसटी. गाद्या घेऊन एसटीत चढणं हा एक वेगळाच प्रॉब्लेम आहे आणि त्याला ग्रेड (चढाई किती अवघड याचा दर्जा) नाही. कंडक्टरला आधी विचारा, मागच्या सीटची वाट बघा, एक गाडी सोडावी लागली तर सोडा. पाच-सहा जण असाल तर नरसीपासून पुढे काळीपिवळी ठरवलेली बरी.

नांदेडला गाडीतून उतरल्यावर थेट स्टँडवर पळू नका. तख्त सचखंड श्री हजूर साहिबला जा. गुरू गोविंदसिंगांचं १७०८ साली इथेच देहावसान झालं. लंगरमध्ये कोणालाही जेवायला मिळतं, जात-धर्म कोणी विचारत नाही. डोकं झाका, जोडे बाहेर काढा, ताटात पडेल ते संपवा. जेवण झाल्यावर तासभर भांडी घासायला बसा. आमच्यात काही पोरं पहिल्यांदाच आली होती. शेजारी बसलेले सरदारजी ज्या वेगाने आणि सहजतेने ताटं विसळत होते, ते बघून ती गप्प झाली. पुढे आखाड्यावर (शेतातल्या ज्या घरावर राहिलो तिथे) भांड्यांची पाळी लावताना एकानेही कुरकुर केली नाही, याचं श्रेय मी त्या तासाला देतो.

गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. आखाडा ज्यांचा आहे त्यांनी तसं सांगितलंय, आणि ते बरोबर आहे. ज्याला जायचंय त्याने देगलूर किंवा मुखेडला उतरून दोन दिवस मोटारसायकलवर फिरावं, धोंडे दिसले की शेत कोणाचं ते विचारावं आणि मालकाच्या घरी जाऊन चहा प्यावा. परवानगी मागायची ती अशी, फोनवर नाही. इथली भाषा मराठी, पण तिच्यात तेलुगू, कानडी, उर्दू सगळं मिसळलेलं. तेलंगणाची हद्द इतकी जवळ की मोबाइल कधी कधी तिकडचंच स्वागत करतो. मामांना (मालकांना आम्ही मामाच म्हणतो) आम्ही काय करतो हे पहिल्या दिवशी समजावून सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "वर काय हाय?" काही नाही म्हटलं. "मग कामून चढायलाव?" याला उत्तर नव्हतं. मग म्हणाले, "राहा की. कोण नको म्हनालंय? पाण्याचं तेवढं बघा."

त्या पाण्यावरच सगळं अडतं. मराठवाड्यात २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. पहिल्या फेरीत दहा वॅगनमध्ये पाच लाख लिटर. तो लातूर जिल्हा इथून शेजारीच. धोंडे शंभर जणांना पुरतील, बोअर पुरणार नाही. किती जणांनी यायचं आणि किती दिवस राहायचं हे म्हणून पाण्यावरून ठरवायचं. आमचा हिशेब असा: प्यायला आणि स्वयंपाकाला गावातल्या फिल्टरचे वीस लिटरचे जार, विकत. वापरायला बोअरचं, माणशी एक बादली, त्यातच अंघोळ. कपडे धुणं नाही. आठ-दहा जणांच्या वर टोळी नेऊ नका. त्याहून मोठा ग्रुप असेल तर दोन आठवड्यांत वाटून या.

बोअरची मोटार लाइट असेल तेव्हाच चालते, आणि शेतीची लाइट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्रपाळीच्या आठवड्यात मामा हरभऱ्याला पाणी द्यायला मध्यरात्री उठायचे. तुषार सिंचनाचे पाइप एका ओळीतून उचलून दुसऱ्या ओळीत न्यायचे, चिखलात, थंडीने दात वाजत असताना. आम्ही पाळ्या लावून त्यांच्याबरोबर जायला लागलो. पाइप सोडवताना आतलं गार पाणी बाहीतून थेट काखेत जातं. दिवसभर चढून सोललेल्या बोटांनी त्या पाइपची कडी सोडवणं काय असतं ते लिहून कळायचं नाही. जागेचं भाडं मामांनी घेतलं नाही, पण या कामाला नको म्हणाले नाहीत. साधं राहणं म्हणजे फुकट राहणं, असा घोळ आपल्या लोकांत फार आहे. आपण खर्च करत नाही तेव्हा तो बहुतेक वेळा दुसरं कोणीतरी करत असतं, सरपणात, पाण्यात नाहीतर भाकरी थापणाऱ्या मावशींच्या कंबरेत.

शिधा पुण्याहून नेऊ नका. गावातलं किराणा दुकान चालू द्या. पीठ, तूरडाळ, तेल, गूळ, शेंगदाणे, येसर (आमटीचं भाजलेलं मसाल्याचं पीठ) सगळं मिळतं. सकाळी सुशीला (चुरमुऱ्यांचा नाश्ता), दुपारी भाकरी-ठेचा-कांदा, रात्री वरण किंवा येसर आमटी आणि भात. भाकरी मावशींकडून विकत घ्यायच्या, नगावर, रोख, रोजच्या रोज. त्या पैसे नको म्हणतील, तरी द्यायचे. चुलीला तुराट्या-पऱ्हाट्या मागून घ्यायच्या, पण त्यावर गावाचीही चूल पेटते, म्हणून आम्ही छोटा गॅस नेला होता. सगळा खर्च एका वहीत, रात्री कंदिलाशी बसून. माणशी रोज दीड-दोनशेच्या आत भागलं, प्रवास सोडून. एक निरीक्षण नोंदवतो: ज्याचा ग्रेड वाढतो त्याला वहीत लिहायचं आणि भांडी घासायची आठवण कमी होत जाते. पाळ्यांचा कागद दाराला चिकटवा.

गादी विकतची महाग असते. आम्ही फोमवाल्याकडून केली. वर कडक, बंद छिद्रांचा फोम पातळ, खाली जाड मऊ स्पंज, आणि खोळ ताडपत्रीवाल्याकडून शिवलेली. थर उलटे लावू नका; कडक थर वर असला तरच धक्का सगळ्या गादीभर पसरतो. रात्री हीच अंथरूण. डिसेंबरात पहाटे चांगलंच गारठतं, घोंगडी किंवा स्लीपिंग बॅग हवीच.

दगडाबद्दल. स्फटिक मोठे आणि धारदार, त्यामुळे तिरप्या सपाटीवर बूट जबरदस्त धरतो, पण कातडी दोन दिवसांत जाते. तिसऱ्या दिवशी सुट्टी घ्याच. होट्टलचं चालुक्यकालीन सिद्धेश्वर मंदिर याच तालुक्यात आहे, ते बघून या. सकाळी ऊन चढण्याआधी आणि चारनंतर चढा. बेसॉल्टची सवय असलेला माणूस इथे धर शोधत बसतो, आणि धर नसतंच. पायावर विश्वास ठेवून उभं राहावं लागतं. पातळ पापुद्रे सुटतात, ठोकून बघा, पोकळ वाजलं तर सोडा. काही धोंड्यांवर छिन्नीच्या भोकांची सरळ रांग दिसेल. दगड फोडणाऱ्यांनी पाचर मारायला केलेली आणि अर्धवट सोडलेली. तो धोंडा कोणाच्या तरी मजुरीचा आहे, विचारल्याशिवाय चढू नका. आणि चालू खदानीच्या आसपास फिरकूच नका.

शेंदूर लावलेल्या किंवा हिरवी चादर घातलेल्या धोंड्याला हात लावायचा नाही. आम्हाला दिसलेली सगळ्यात सुंदर रेष (चढायची वाट), डावीकडून उजवीकडे चढत जाणारी कड, नेमकी म्हसोबाच्या डोक्यावरून जाते. ती तशीच राहणार. हाताला लावायच्या खडूचे पांढरे डाग जाताना ब्रशने साफ करा, तारेचा ब्रश नको.

धोके तीन. पहिला, आग्या मोहळ: धोंड्याच्या पोटाखाली बघूनच गादी टाका, अत्तर-डिओ लावू नका. दुसरा साप, विशेषतः घोणस, थंडीत उन्हाला येते; फटीत हात घालण्याआधी टॉर्च मारा, आणि सर्पदंशावरचं इंजेक्शन सरकारी दवाखान्यात आहे का हे आल्या दिवशीच विचारून ठेवा. तिसरा पुणेकरांच्या ध्यानात येत नाही: रानडुकरांसाठी धुऱ्यावर (शेताच्या बांधावर) लावलेली झटका मशीनची तार. काही ठिकाणी झटका मशीन नसून थेट लाइनचा करंट सोडलेला असतो, त्यात माणसं मेलेली आहेत. अंधारात आडरानातून जायचं नाही, वाट मालकालाच विचारायची.

शौचाला जायचं तर सोबत खुरपं न्यावं आणि खड्डा करून बुजवावा. पहाटे गावातल्या बायका ज्या बाजूला जातात तिकडे फिरायचंच नाही, चढायचंही नाही. हे कोणी तुम्हाला सांगणार नाही, फक्त पुढच्या वर्षी परवानगी मिळणार नाही.

जमलं तर मार्गशीर्ष अमावास्येला तिथे असा. लातूर-धाराशिवकडची येळवस (वेळा अमावास्या, शेतातला सण) या सीमाभागातही होते. कडब्याची खोप, तिच्यात चुन्याने रंगवलेले पाच दगड म्हणजे पांडव, आणि वाटेने जाणाऱ्या प्रत्येकाला हाक मारून भज्जी, आंबील, उंडे, खीर. त्या दिवशी आम्ही चढलो नाही, चढणं शक्यही नव्हतं; एका आखाड्यावरून दुसऱ्यावर बोलावणं येत राहिलं.

हंपीत नदीपलीकडे विरुपापूर गड्डीला क्लाइंबर आणि बॅकपॅकर राहायचे. तिथली गेस्ट हाउसं २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर पाडली गेली, कारण ती वारसा क्षेत्रात बेकायदा बांधलेली होती. देगलूरकडे अजून एकही हॉटेल क्लाइंबरसाठी उभं नाही. कोणी शेड बांधून "क्लाइंबर्स कॅम्प"चा बोर्ड लावायची कल्पना मामांना देत असेल तर कृपया देऊ नका. त्यांनी मला विचारलं होतं. बोअरचं पाणी मार्चमध्ये किती खाली जातं, हे मी त्यांनाच विचारलं. त्यांनी हात खाली हलवला आणि विषय बदलला.

काळ नोव्हेंबर ते फेब्रुवारीचा पहिला पंधरवडा. नंतर दगड दुपारी हात लावू देत नाही आणि पाणीही आटत जातं. परतीची एसटी संध्याकाळी लवकर बंद होते, म्हणून देगलूरला चारपर्यंत पोचा.