'पन्नास टनी आहे का?'

क्रेन भाड्याने देणाऱ्या सेल्स टीमला साइटवरून येणारा फोन बहुतेक असाच असतो: 'पन्नास टनी आहे का? रेट सांगा.' इथे लगेच रेट सांगणारा पोरगा तडफदार वाटतो खरा, पण त्याचीच ऑर्डर पुढे बिलाच्या वादात अडकते.

पन्नास टन म्हणजे बूम (क्रेनचा लांब हात) आखूड ठेवून साधारण ३ मीटर रेडियसवरची क्षमता. १८ मीटरवर तीच क्रेन जेमतेम काही टन उचलते. म्हणून आधी वजन, उंची आणि रेडियस विचारायचा. रेडियस म्हणजे आडवं अंतर, ते क्रेन ज्या मध्याभोवती फिरते तिथून हुकापर्यंत मोजतात; साइटवाले हमखास टायरपासून मोजून सांगतात. माल ४ टन, हूक ब्लॉक ३५० किलो, माल बांधायचे स्लिंग-शॅकल १५० किलो, म्हणजे झाले साडेचार. चार्टच्या (कोणत्या रेडियसला किती वजन उचलता येतं, त्या तक्त्याच्या) ८० टक्क्यांत काम बसवायचं, तर त्या रेडियसला चार्टवर किमान ५.६३ टन दिसले पाहिजेत. वजन तोंडी घेऊ नका, ड्रॉइंग किंवा वजनकाट्याची पावती मागा.

मग जमीन. फोनवर ती कळत नाही, साइटवर जावंच लागतं. एका आउटरिगरवर (क्रेनला तोलून धरणाऱ्या बाजूच्या पायावर) ३० टन आले, तर १ मीटर बाजूच्या चौरस प्लेटखाली दाब ३० टन प्रति चौरस मीटर. दीड मीटर बाजूची चौरस मॅट टाकली की तोच साधारण १३. नुकताच बुजवलेला चर, जमिनीखालची टाकी, आउटरिगर पूर्ण उघडायला जागा, वरच्या विजेच्या तारा, गेटची रुंदी, वळण: सगळ्याचे फोटो काढून घ्या.

कोटेशनमध्ये रेटपेक्षा अटी महत्त्वाच्या. मोबिलायझेशन (क्रेन साइटवर नेण्या-आणण्याचा खर्च) जाता-येता दोन्हीचं की एकदाच? शिफ्ट किती तासांची, जेवणाची सुट्टी धरून की सोडून? डिझेल, मॅट आणि रिगर (माल बांधणारे कामगार) कोणाचे? पावसामुळे किंवा माल न आल्याने क्रेन उभी राहिली तर आयडल (उभ्या क्रेनचं भाडं) लागतो, ब्रेकडाउनमध्ये भाड्याचं मीटर बंद. हे आधीच लिहा.

टीमकडून रोजच्या भेटींचा आकडा मागणारे मॅनेजर भरपूर. त्यापेक्षा प्रत्येक कोटेशनला रेडियसचा स्केच जोडलाय का, ते तपासा. लॉगशीटवर (क्रेनच्या रोजच्या तासांच्या नोंदीवर) साइट इंजिनिअरची सही त्याच दिवशी हवी. महिनाअखेरीस तो दुसऱ्या साइटवर गेलेला असतो. आणि क्रेन सोडल्याची सूचना लेखीच घ्या, तारखेसह वेळही त्यात हवी.