परवान्याचा कागद आणि पायाखालचे पोवळे

लक्षद्वीपला जायचे ठरले तेव्हा पहिला वैताग आला तो परवान्याचा. आपल्याच देशातल्या बेटांवर जाण्यासाठी पोलिसांचा दाखला, छायाचित्रे, अर्ज आणि कोणत्या बेटांवर उतरणार याची नोंद, हे सारे कशासाठी, असे आमच्या गटातल्या प्रत्येकाने एकदा तरी विचारले. सर्वांत मोठ्या आवाजात बहुधा मीच. १९६७च्या नियमांनुसार बाहेरच्या माणसाला परवान्याशिवाय तेथे जाता किंवा राहता येत नाही, एवढे मला ठाऊक होते. त्यामागचे कारण मात्र जहाजाच्या डेकवरून पहिले बेट दिसले तेव्हा उमगले. समुद्रावर कोणीतरी हिरव्या पेन्सिलीने एक रेघ ओढावी तेवढेच ते होते. साऱ्या बेटांची मिळून जमीन सुमारे ३२ चौरस किलोमीटर, वस्ती फक्त दहा बेटांवर आणि २०११च्या जनगणनेनुसार लोकसंख्या ६४,४७३. इतक्या लहान घराने पाहुण्याला आधी नाव विचारले, तर त्यात रागावण्यासारखे काय आहे?

आमची सहल कोचीहून निघणाऱ्या जहाजाची होती. रात्र जहाजावर काढायची आणि दिवसा कवरत्ती, कल्पेनी व मिनिकॉय ही बेटे पाहायची, असा तिचा क्रम होता. जहाजावरच्या अरुंद खोलीबद्दल मी बरीच कुरकूर केली. परंतु कवरत्तीला एका अंगणातली विहीर पाहिली आणि ही व्यवस्था किती शहाणपणाची आहे ते कळले. या बेटांवर नदी नाही, ओढा नाही. पावसाचे पाणी पोवळ्यांच्या वाळूतून झिरपते आणि हलके असल्यामुळे खालच्या खाऱ्या पाण्यावर पातळ भिंगासारखे तरंगत राहते. विहिरीतून जास्त उपसा केला की खालचे खारे पाणी वर चढते. २००५मध्ये कवरत्तीला समुद्राचे पाणी गोडे करणारा प्रकल्प सुरू झाला; कोमट पृष्ठजलाची कमी दाबाखाली वाफ करायची आणि खोल समुद्रातल्या थंड पाण्याने ती पुन्हा निववायची, असे त्याचे तंत्र आहे. त्याची क्षमता दिवसाला एक लाख लिटर आहे. आकडा मोठा वाटतो, पण तो एका गावाच्या तहानेपुरता आहे. शॉवरखाली अर्धा तास उभे राहणाऱ्या पाहुण्यांचा त्यात हिशेब नाही.

कल्पेनीला माझ्या हातून, खरे तर पायातून, चूक घडली. तिथल्या खाजणाचे, म्हणजे पोवळ्यांच्या कड्याआडच्या शांत समुद्राचे, पाणी इतके निवळ आणि उथळ होते की पोहता पोहता दम लागल्यावर मी सहज एका खडकावर पाय टेकवून उभी राहिले. आमच्याबरोबरचा स्थानिक मुलगा लगेच पोहत आला आणि हिंदीत अगदी हळू आवाजात म्हणाला, “दीदी, तो दगड नाही, जिवंत आहे.” मी दचकून पाय उचलला. पोवळ्याचा तो सांगाडा असंख्य इवल्या जीवांनी हळूहळू रचलेला असतो. शिवाय १९९८, २०१० आणि २०१६मध्ये समुद्राचे पाणी तापून या बेटांभोवतीची पोवळी मोठ्या प्रमाणावर पांढरी पडली होती. जे तगले आहे, त्यावर मी माझा सगळा भार टाकला होता. किनाऱ्यावर पडलेला पोवळ्याचा तुकडाही उचलून नेता येत नाही, कारण वन्यजीव संरक्षण कायद्याने प्रवाळांना संरक्षण दिले आहे. आमच्यातल्या एका काकांना हे पटेना. “हा तर मेलेला आहे,” असे ते म्हणत राहिले. पण या बेटांची सारी वाळू अशाच मेलेल्या पोवळ्यांची आहे, म्हणजे ते जमिनीचाच तुकडा खिशात घालू पाहत होते.

कल्पेनीच्या गल्ल्यांतून फिरताना आमच्या गटाचे कॅमेरे सुटल्यासारखे चालू होते. मानवशास्त्रज्ञ लीला दुबे यांनी याच बेटावर मातृवंशीय कुटुंबपद्धतीचा अभ्यास केला होता, हे मला माहीत होते. इथले समाज मुस्लिम आहेत आणि तरीही परंपरेने घराणे, म्हणजे तरवाड, आईकडून चालत आले आहे. नवरा रात्री बायकोच्या घरी येई आणि दिवसा आपल्या आईच्या घरी परते, अशी जुनी रीत होती. हे सगळे वाचून गेल्यामुळे मी प्रत्येक दाराकडे कुतूहलाने पाहत होते, आणि ते कुतूहल डोकावण्याच्या किती जवळ आहे हे एका आजीने पडदा ओढून घेतला तेव्हा लक्षात आले. अभ्यास करणारी बाई तिथे राहिली, बोलली. आम्ही दोन तासांचे पाहुणे होतो. पोहण्याच्या ओल्या कपड्यांनी गावात शिरू नये, हेही आम्हाला आधी सांगितले गेले होते आणि तरीही दोघेतिघे तसेच आले होते.

मिनिकॉयची भाषा महल. इतर बेटांवर मल्याळम बोलतात. महल मात्र मराठीसारखीच इंडो-आर्यन कुळातली आहे, आणि तिच्यात मासळीला ‘मास’ म्हणतात हे ऐकून मला उगाचच नातेवाईक भेटल्यासारखे वाटले. तिथे एका कोळ्याने आम्हाला आपल्या बोटीचा तळ दाखवला. ट्यूना इथे जाळ्याने नव्हे, तर काठी आणि गळाने एकेक करून धरतात, आणि त्यासाठी जिवंत आमिष लागते. हे बोटाएवढे मासे खाजणातून, पुष्कळदा पोवळ्यांच्या आसपास, पकडून बोटीतल्या पाण्यात जिवंत ठेवले जातात. भर समुद्रात ट्यूनाचा थवा दिसला की ते पाण्यात फेकायचे, वर पाण्याचे फवारे उडवायचे आणि गळ टाकायचे. पोवळे मोडले की आमिषाचा आसरा जातो आणि आमिष नसले की बोट किनाऱ्यावरच राहते. कल्पेनीला मी पाय कुठे ठेवला होता, ते मला तेव्हा कळले.

बोटीचा फोटो काढायला त्याने आनंदाने परवानगी दिली. पलीकडे काही बायका मासळी वाळत घालत होत्या; त्यांचा फोटो काढू का, असे विचारल्यावर तो म्हणाला, “त्यांना विचारा.” मी खुणेने विचारले. त्यांच्यातल्या एकीने हसत हसत नकारार्थी मान हलवली, म्हणून कॅमेरा पिशवीत ठेवून मी तिथेच सावलीत टेकले. थोड्या वेळाने तीच उठून आली आणि तिने उकडून, धुरी देऊन, उन्हात वाळवलेल्या मासळीचा एक काळपट तुकडा माझ्या हातावर ठेवला. तो लाकडासारखा कडक होता. जहाजाकडे परतणाऱ्या बोटीत बसले तरी तो माझ्या दाढेखाली अजून पुरता मऊ झालेला नव्हता.