आत्या घरी आली, पण पैसा हॉस्पिटलातच राहिला

गेल्या दिवाळीच्या आधी आत्याला घरी आणलं. अकरा वर्षं ती सरकारी मनोरुग्णालयात होती, त्यातली शेवटची चार-पाच वर्षं तर तिथले डॉक्टरच म्हणायचे की हिला आता इथे ठेवायची गरज नाही, पण न्यायला कोणी नाही, आजी गेलेली, काकांनी हात वर केले आणि मी तेव्हा शिकत होते. पहिला आठवडाभर ती पहाटे पाचला उठायची, गादीची घडी घालायची आणि भिंतीला लागून उभी राहायची. मला आधी कळेचना. मग लक्षात आलं, ती वॉर्डातल्या हजेरीच्या मोजणीची वाट बघतेय. पाणी प्यायचं तरी विचारायची, "पिऊ का गं?"

२०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा मे २०१८ पासून लागू आहे, त्याच्या कलम १९ मध्ये स्पष्ट लिहिलंय की घरचे घेत नाहीत, राहायला जागा नाही किंवा बाहेर सोय नाही एवढ्याच कारणाने कोणाला आत ठेवता येणार नाही, आणि बाहेरची सोय, म्हणजे हाफवे होम (हॉस्पिटल आणि घर यांच्या मधलं, मदतीसह राहायचं ठिकाण) वगैरे, सरकारने करायची आहे. तरी २०१९ मध्ये देशभरातल्या सरकारी मनोरुग्णालयांचा अभ्यास झाला तेव्हा तिथल्या ३६ टक्क्यांहून जास्त लोकांना आत राहून वर्ष किंवा त्याहून जास्त झालेलं होतं. माझी आत्या त्यातलीच एक, हे मला तेव्हा माहीतसुद्धा नव्हतं.

आता पैशाचं बघा. केंद्राच्या २०२१-२२ च्या बजेटमध्ये मानसिक आरोग्यासाठी साधारण ५९७ कोटी होते, त्यातले ५०० कोटी बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेला, ५७ कोटी आसाममधल्या तेजपूरच्या अशाच संस्थेला, आणि राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रमाला ४० कोटी. अख्ख्या देशाला ४० कोटी! निम्हान्स मोठी संस्था आहे, तिथे डॉक्टर तयार होतात, तिचे पैसे कापा असं मी अजिबात म्हणत नाहीये. पण माणूस वॉर्डातून बाहेर पडला की त्याच्यावर आत होणारा खर्च त्याच्यासोबत बाहेर यायला हवा ना? आत्या आत होती तोवर तिचं जेवण, औषध, नर्स, पलंग सगळं सरकारचं होतं. डिस्चार्जचा कागद हातात पडला त्या दिवसापासून सगळं आमचं. आमच्याकडे निदान घर तरी आहे, ज्यांना तेही नाही त्यांनी कुठे जायचं?

आणि करता येत नाही असं अजिबात नाही. चेन्नईच्या द बॅनियन संस्थेने २०१५ पासून 'होम अगेन' चालवलंय, मनोरुग्णालयातून बाहेर पडलेल्या चार-पाच जणी गावात किंवा शहरात साध्या भाड्याच्या घरात राहतात, मदतीला एक बाई असते, स्वतः बाजार करतात, स्वयंपाक करतात, शेजारी हळदीकुंकवाला बोलावतात. आपल्याकडे रत्नागिरीतही त्यांनी हे काम केलंय. घरभाडं, मदतनीस बाईचा पगार आणि गोळ्या, मुख्य खर्च एवढाच, पण तो दर महिन्याला न चुकता यावा लागतो, एखादं वर्ष फंड आला आणि मग बंद झाला तर त्या बायका परत वॉर्डातच जाणार.

आमची अडचण सध्या गोळ्यांची आहे. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात आत्याची गोळी नसते, जिल्ह्याला जावं लागतं, तिथे पंधरा दिवसांचीच देतात, म्हणजे महिन्यातून दोनदा एसटी, दोनदा माझी रजा. मध्ये एकदा गाडी चुकली आणि तीन दिवस गोळी बंद राहिली तर ती रात्रभर दाराशी बसून होती, मीही तिच्या शेजारी बसले. बाहेरून विकत आणते मी कधीकधी, पण दर वेळी नाही जमत.

आता ती पाणी विचारून पीत नाही, मागच्या महिन्यापासून. चहासुद्धा स्वतः करते, साखर जरा जास्तच घालते. उद्या जिल्ह्याला जायचंय, सहाची गाडी आहे, आणि आत्या आत्तापासूनच पिशवीत केसपेपर आणि पाण्याची बाटली भरून ठेवतेय.