काजू फोडणारे हात आणि रेशनचा तांदूळ

सिंधुदुर्गातल्या एका उपकेंद्रात मी समुदाय आरोग्य अधिकारी आहे. वाडीवाडीवर जाऊन आरोग्याची सत्रं घेणं हा माझ्या कामाचाच भाग. सत्र उपकेंद्रात सकाळी ठेवलं तर काजू कारखान्यातल्या बायका येऊ शकत नाहीत. त्यांची मजुरी किलोवर असते. अर्धा दिवस बुडला की तेवढे पैसे बुडाले. म्हणून २०२४ च्या श्रावणातलं रक्तक्षयावरचं सत्र आम्ही रविवारी दुपारी देवळाच्या सभामंडपात घेतलं. ही वेळ आशाताईंनी, म्हणजे गावातल्या आशा स्वयंसेविकेने, सुचवली होती आणि मंडप भरला तो त्यांच्यामुळेच.

आधी हिमोग्लोबिन तपासायचं, मग बोलायचं, असं ठरलं होतं. पहिल्याच काकींच्या बोटाला सुई टोचली तर रक्त येईना. कातडी जाड, काळवंडलेली, टोकांना भेगा. दुसरं बोट धरलं, तिथेही तेच. काकी माझ्याकडे बघत म्हणाल्या, "बाय, तू सुई कसली मारतंस, ह्या बोटाक रेशनची मशीन पण वळखणा नाय."

बायका हसल्या. पण मागून एक म्हणाली, "माका पण दोन म्हयने तांदूळ गावूक नाय." मग तिसरी बोलली, मग चौथी. बघता बघता सगळ्यांनी हात पुढे केले. माझ्यासमोर तळव्यांची रांगच लागली, आणि बहुतेक अंगठ्यांवर रेषा दिसतच नव्हत्या.

काजूबीच्या टरफलात जे तेल असतं ते कातडी जाळतं. काजू आणि बिब्बा एकाच कुळातले. बिब्बा उतला की काय होतं हे आपल्याकडे कोणाला सांगायला नको. बी वाफवून घेतली तरी कटिंग करताना तेल बोटांना लागतंच. कोणी राख लावतं, कोणी खोबरेल. वर्षानुवर्षं हेच चाललं की ठसे पुसट होतात, आणि मग रेशन दुकानातल्या ठसा तपासणाऱ्या ई-पॉस मशीनवर अंगठा उठत नाही. कार्डावरच्या दुसऱ्या कोणाचाही अंगठा चालतो, हे खरं. पण सासू-सून दोघी कटिंगला आणि मुलगा मुंबईला, अशा घरात दुसरा अंगठा आणायचा कुठून? आधारला जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी मागवता येतो, पण तो नंबरही बहुतेकींच्या बाबतीत मुलाचाच. ओटीपी मुंबईत, मुलगा ड्युटीवर, आई इथे दुकानाच्या रांगेत.

काकींचं हिमोग्लोबिन ८.४ आलं. बाईचं बारा असायला हवं. महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या शंभरातल्या ५४ बायकांना रक्तक्षय आहे, असं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची पाचवी फेरी सांगते. त्या दिवशी कुळीथ, नाचणी, शेवग्याचा पाला, श्रावण संपल्यावर तिसऱ्या (खाडीतल्या शिंपल्या), लोहाच्या गोळीवर लगेच चहा नको, हे सगळं मी सांगणार होते. थोडं सांगितलंही. काकींनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "तुझा सगळा बरोबर आसा. पण तांदूळच इकत घेवचो लागता, मगे कुळथाक पैशे खयसून हाडू?"

यावर मी आहारतक्ता काय दाखवणार? तांदूळ गेला तिथेच कुळथाचे पैसे गेले होते. शिवाय मार्च २०२४ पासून देशभर रेशनवर मिळणारा तांदूळ पोषणयुक्त होता. त्यात शंभर दाण्यांमागे एक दाणा लोह, फॉलिक अॅसिड आणि बी-१२ घालून बनवलेला असतो. ज्यांच्या रक्तात लोह कमी, नेमक्या त्यांच्याच ताटातून तो तांदूळ निसटत होता, आणि तोही त्यांच्या कामामुळे. समान आरोग्याच्या गप्पा मारताना आपण हे बघणार नसू, तर ती सत्रं घ्यायचीच कशाला, असं मला मनापासून वाटतं.

या तांदळाचं नाव काढताच दुसरा विषय निघाला. ज्यांना तो मिळत होता, त्यांच्यातल्या काही जणी ते वेगळे दाणे 'प्लॅस्टिकचे' म्हणून निवडून टाकत होत्या! आशाताईंच्या घरचा तांदूळ मागवला. दाणे पाण्यात टाकून, शिजवून, बोटांनी चुरडून दाखवले. ते तांदळाच्याच पिठापासून बनवतात, हे पटायला अर्धा तास गेला. तो अर्धा तास मला फार मोलाचा वाटतो.

अंगठा जुळला नाही म्हणून कोणाचं धान्य अडवू नये, अशांना वेगळी नोंद ठेवून ते द्यावं, असं केंद्राच्या अन्न विभागाने राज्यांना ऑक्टोबर २०१७ मध्येच कळवलं आहे. मंडपातल्या एकीलाही हे माहीत नव्हतं. संध्याकाळपर्यंत आम्ही नावांची यादी केली, प्रत्येकीचा कार्ड नंबर लिहिला, आणि ऑफिस उघडल्यावर ती घेऊन आशाताई, सरपंच आणि मी तहसील कार्यालयातल्या पुरवठा शाखेत गेलो. बऱ्याच जणींचं धान्य पुढच्या महिन्यात नोंदीवर सुटलं. काहींचं अडकलंच, कारण त्यांचं आधारमधलं नावच कार्डाशी जुळत नव्हतं. काकींना गोळ्या सुरू केल्या आणि तालुक्याला पाठवून पुढच्या तपासण्याही करून घेतल्या.

मुळाशी हात आहेतच. रबरी हातमोजे घातले की बी नीट धरता येत नाही, कटिंग मंदावतं आणि मजुरी घटते. म्हणून पुढच्या सत्राला कारखान्याच्या मालकांना बोलवा, असं बायकांनीच सांगितलं. ते आले. खोबरेल कारखान्यातर्फे देऊ म्हणाले आणि दुसऱ्या आठवड्यापासून दिलंही. आधार केंद्रावर जाऊन स्वतःचा मोबाइल नंबर जोडायला प्रत्येकीला एक दिवस सुट्टी द्यायलाही तयार झाले. त्या दिवसाची मजुरी द्यायची की नाही, यावर बोलणं अजून चालू आहे.