किल्ल्यात मुक्काम, तोही आपल्याच गोव्यात

किल्ला पाहुण्यांसाठी बांधलेला नसतो. बाहेरच्याला आत येता येऊ नये, एवढाच बांधणाऱ्याचा हेतू. हे ध्यानात ठेवलं की किल्ल्यातल्या हॉटेलांबद्दलच्या निम्म्या तक्रारी बुकिंग करण्याआधीच मिटतात. खिडक्या लहान का, चढ इतका उभा का, भिंतीला ओल का, रात्री आठनंतर आसपास खायला काही का मिळत नाही, या सगळ्याचं उत्तर त्यात आहे.

आमच्या घरी हा विषय निघाला तो आयर्लंडच्या अ‍ॅशफर्ड कॅसलवरून. तेराव्या शतकात पाया घातलेला, तळ्याकाठचा हा वाडा 1939 पासून हॉटेल आहे. मी फोटो दाखवला, नवऱ्याने दर बघितला आणि फोन परत दिला. मग स्पेनचे पारादोर, पोर्तुगालच्या पोसादा (दोन्ही जुन्या वास्तूंतली हॉटेलं), राजस्थानातलं नीमराणा असं करत करत आम्ही आमच्या फोंड्याहून तास-दोन तासांच्या अंतरावर येऊन पोचलो. लग्नाच्या वाढदिवसाला आग्वाद आणि तेरेखोल, गोव्यातलेच दोन किल्ले! सासूबाई म्हणाल्या, “गोंयच्या माणसानं गोंयात झोपायला पैसे मोजायचे? घरात खाट नाही?” प्रश्न चोख होता. पण मुंबई-पुण्याची माणसं जो गोवा बघून जातात तो आम्ही गोव्यात राहून बघितलेलाच नसतो, हेही खरं.

आधी आग्वाद. इथे गैरसमज नको म्हणून सांगते. सिकेरीचं ताजचं हॉटेल जुन्या किल्ल्याच्या खोल्यांत नाही. ते 1974 मध्ये खालच्या कोटाच्या तटाला धरून नव्याने बांधलेलं आहे. तोफांच्या कोठारात पलंग टाकलाय अशा कल्पनेने जाल तर हिरमोड होईल. पण तट खरा, समुद्रात घुसलेला बुरूज खरा, आणि खोलीतून दिसणारा कांदोळीपासून पुढे पसरलेला किनाराही खरा. 1983 मध्ये राष्ट्रकुलाच्या प्रमुखांची विश्रांती-बैठक याच टेकडीवर झाली. इंदिरा गांधी आणि मार्गारेट थॅचर इथे उतरल्या होत्या, आणि त्या निमित्ताने वरच्या अंगाला स्वतंत्र बंगले उठले. बंगल्यांचे दर आम्ही नुसते वाचले.

खोली घेताना ‘समुद्र दिसतो का’ एवढं विचारून थांबू नका. बुरुजाच्या बाजूला की बागेच्या, वरच्या मजल्यावर की खाली, आणि खोलीपर्यंत किती पायऱ्या, हेही विचारा. आवार उतारावर आहे. आईवडिलांना किंवा गुडघे दुखणाऱ्या जोडीदाराला नेणार असाल तर शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. नाताळ ते नवीन वर्ष या दिवसांत दर आणि गर्दी दोन्ही डोक्यावरून जातात. पावसाळ्यात दर खाली येतात, हॉटेलं निम्मी रिकामी असतात, फक्त समुद्रात उतरायला मनाई असते. आमचं मत विचाराल तर सप्टेंबरचा शेवट किंवा फेब्रुवारी.

सिकेरीचा बुरूज सगळ्यांसाठी खुला आहे, तिकीट नाही. दुपारी तिथे सेल्फीवाल्यांची रांग असते. हॉटेलात राहण्याचा खरा फायदा सकाळी कळतो. बसगाड्या यायच्या आधी चहा पिऊन तुम्ही चालत बुरुजावर पोचता, तेव्हा तिथे गळ टाकून बसलेले एक-दोन गरवणारे आणि तुम्ही. तटाच्या दगडावर पाय सोडून बसायचं. लाटा खाली बुरुजाच्या पायथ्याशी फुटतात तेव्हा हलका हादरा बसतो, तो ढुंगणाला कळतो. (आमच्यात यालाच रोमँटिक म्हणतात.) एवढ्यासाठी एवढे पैसे का, असं कुणी विचारलं तर माझ्याकडे दुसरं उत्तर नाही. मोजता ते या दोन तासांचे.

वरचा किल्ला गाडीने पाच-दहा मिनिटांवर, संध्याकाळी बंद होतो. 1612 मध्ये पोर्तुगीजांनी तो पुरा केला, डचांना आणि पुढे मराठ्यांना मांडवीच्या तोंडाशी अडवायला. आतली पाण्याची टाकी हेच त्याचं मोठं काम होतं: 23,76,000 गॅलन पाणी मावेल एवढी. युरोपातून आलेली जहाजं इथे गोडं पाणी भरून पुढे जात. आता वरून दिसतं ते ऐसपैस फरसबंदी अंगण. आपण टाकीच्या छतावर उभे आहोत हे कुणी सांगितल्याशिवाय कळत नाही. 1864 चा जुना गोल दीपस्तंभही तिथेच. सावली अजिबात नाही. टोपी, पाणी आणि सकाळची वेळ, तिन्ही हवं.

तिसरा भाग खाली, नदीकडच्या अंगाला: आग्वादचा तुरुंग. कैदी कोलवाळला हलवल्यावर तो दुरुस्त करून डिसेंबर 2021 मध्ये संग्रहालय म्हणून उघडला. तिकीट आहे, आवारात कॅफे आणि दुकानं आहेत, नदीवरचा वारा छान येतो. आम्ही गेलो ते चहा घ्यायला म्हणून आणि बसलो कोठड्या बघत. गोवा मुक्तिलढ्याचे नेते टी. बी. कुन्हा यांना 1946 मध्ये पकडून इथे ठेवलं होतं. लष्करी न्यायालयाने आठ वर्षांची शिक्षा दिली आणि पोर्तुगालला, पेनिशच्या किल्ल्यात धाडलं.

त्या पेनिशची पुढची गोष्ट या विषयाशी थेट जोडलेली आहे. 2016 मध्ये पोर्तुगाल सरकारने जुन्या वास्तू हॉटेलांसाठी खाजगी हातांत द्यायची यादी काढली, त्यात पेनिशचा किल्ला होता. हुकूमशहा सालाझारच्या काळात तिथे राजकीय कैदी डांबले जात. माजी कैद्यांनी आणि इतरांनी ओरड केली, किल्ला यादीतून काढला गेला, आणि आता तिथे प्रतिकाराचं व स्वातंत्र्याचं राष्ट्रीय संग्रहालय आहे. मला ते बरोबर वाटतं. सगळ्याच किल्ल्यांत मधुचंद्र नको. आग्वादमध्ये तटावर हॉटेल आणि तुरुंगात संग्रहालय अशी वाटणी आपोआप झाली, तीही बरी झाली.

पेनिशपासून जवळच ओबिदुश आहे. ज्यांना खरोखर पोर्तुगालला जायचंय त्यांनी हे नाव लिहून ठेवा. 1282 मध्ये राजा दिनिशने हे तटबंदीचं गाव राणी इझाबेलला लग्नात दिलं, आणि पुढे शतकानुशतकं ते राण्यांच्या नावे राहिलं. (आपली मुंबईही पोर्तुगीज राजघराण्याच्या अशाच देण्याघेण्यात 1661 च्या तहाने इंग्रजांकडे गेली, पण ती नवऱ्या मुलाला.) तिथल्या कोटात 1950 च्या दशकाच्या सुरुवातीपासून पोसादा आहे. खोल्या मोजक्या, त्यातही बुरुजातल्या हव्या असतील तर फार आधी धराव्या लागतात. तिथल्या जिन्याची आणि सामान चढवण्याची चौकशी आग्वादइतकीच करा. चाकांची मोठी बॅग किल्ल्यात शत्रूसारखी असते.

आता तेरेखोल. आमच्या सगळ्या प्रवासातलं मन इथे अडकलं, म्हणून इथे जास्त लिहिते.

तेरेखोल गोव्यात आहे, पण नदीच्या पलीकडे. एका अंगाला नदी, एका अंगाला समुद्र आणि उरलेल्या बाजूंनी महाराष्ट्र. सावंतवाडीच्या भोसल्यांनी सतराव्या शतकात खाडीच्या तोंडावर, उंचावर हा कोट बांधला. नोव्हेंबर 1746 मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉय, अलोर्नाचा मार्किस, आरमार घेऊन आला आणि त्याने तो जिंकला. पुढे 1764 मध्ये पोर्तुगीजांनी त्याची डागडुजी केली, आत देऊळ नव्हे तर सांत अंतोनीचं चर्च उभं राहिलं. चर्च एरवी बंद असतं, मे महिन्याच्या फेस्ताला (चर्चच्या सणाला) उघडतं. 15 ऑगस्ट 1954 ला आल्फ्रेद आफोन्सो यांच्या गोवा मुक्तीच्या सत्याग्रही तुकडीने आत शिरून तिरंगा लावला आणि एक दिवस किल्ला ताब्यात ठेवला. एवढासा कोट, दहा मिनिटांत फिरून होतो, पण एवढ्याशा जागेत इतकी माणसं एकमेकांना बाहेर काढत आली आहेत.

तेरेखोलचा किल्ला बरीच वर्षं हॉटेल म्हणून चालला. सात खोल्या, आणि त्यांना वारांची नावं. सोमवारात राहायचं की शुक्रवारात, यावर आमचं आधीच भांडण झालं होतं. वास्तू सरकारची आहे आणि चालवणारे बदलत आले आहेत. त्यामुळे जुन्या फोटोंवर आणि जुन्या परीक्षणांवर विसंबून सुट्टी टाकू नका. निघण्याआधी पर्यटन खात्याकडून खात्री करून घ्या. आम्ही इथे दिवसच काढला, रात्र नाही.

जायचा खरा रस्ता केरीवरून फेरीने. पण केरी गोव्यात तीन आहेत: एक आमच्या फोंडा तालुक्यात, एक सत्तरीत, आणि हवी ती पेडण्यातली. फोनच्या नकाशात नुसतं केरी टाकून ‘सुरू करा’ दाबाल तर घाटाच्या पायथ्याशी जाल. ‘केरी फेरी धक्का, पेडणे’ असं शोधा. फेरीत पायी माणसाला तिकीट नाही, चारचाकीला नाममात्र. धक्क्यावर पोचलो तर बोट पलीकडे उभी. कामगाराला विचारलं, “भाऊ, कधी सुटते?” तो म्हणाला, “बाय, सुकती आसा. मातशें रावचें पडटलें.” म्हणजे ओहोटी आहे, जरा थांबावं लागेल. ओहोटीला पात्रात वाळू वर येते आणि बोट अडते. म्हणून घरातून निघताना भरती-ओहोटीची वेळ बघा, आणि परतीची शेवटची फेरी किती वाजता हे चढतानाच विचारा. थांबण्यात तोटा नाही. केरीच्या सुरूच्या बनात सावली आहे.

फेरी बंद असेल तर किरणपाणीचा पूल ओलांडून आरोंदा, रेडी असं फिरून तेरेखोलला येता येतं. आणि इथे एक गोष्ट, जी जोडप्यांना नेमकी महागात पडू शकते. वाढदिवसाची म्हणून गाडीत वाइनची बाटली ठेवली असेल तर लक्षात घ्या, या वाटेने तुम्ही गोव्यातून गोव्यात जाताना महाराष्ट्रातून जाता. गोव्याची दारू परवान्याशिवाय तिकडे नेणं गुन्हा आहे, आणि तपासणी होते. ‘आम्ही तेरेखोललाच चाललोय’ हे स्पष्टीकरण नाक्यावर फार वजनदार ठरत नाही. बाटली घरीच राहू द्या.

किल्ल्याच्या तटावरून समोर केरीचा पांढरा किनारा, त्यामागे हरमलचं टेकाड, खाली नदी समुद्राला मिळते ती रेघ. दुपारी चारपासून सूर्य मावळेपर्यंतचा वेळ इथला. तट रुंद आहे पण सगळीकडे कठडा नाही. फोटोसाठी पाठमोरं मागे सरकू नका. खाण्याची सोय गृहीत धरू नका. आम्ही सकाळीच पोदेराकडून (पाववाल्याकडून) पोई घेऊन, त्यात घरची सुकी सुंगटं (कोळंबी) भरून नेली होती, आणि ती तटाच्या सावलीत बसून खाल्ली. आग्वादच्या पहिल्या रात्रीच्या जेवणाच्या बिलाचा तो उतारा होता. (तिथेही दुसऱ्या रात्री आम्ही कांदोळीत गाड्यावर रश्श्यातलं रस ऑम्लेटच खाल्लं. हॉटेलात राहायचं म्हणजे तिथेच जेवायचं असं कुठे लिहिलंय?)

बाहेरून येणाऱ्यांसाठी थोडक्यात. विमानाने येत असाल तर मोपा. ते पेडण्यातच आहे, म्हणून तेरेखोलला सोयीचं. दाबोळी या दोन्ही किल्ल्यांना दूर. कोकण रेल्वेने आग्वादसाठी थिवी, तेरेखोलसाठी पेडणे किंवा सावंतवाडी रोड. ओला-उबर शोधत बसू नका, गोवामाइल्सचं अ‍ॅप आहे, नाही तर हॉटेलशी आधीच गाडी ठरवा. भाड्याची स्कूटर घेतलीत तर काळ्या पाटीवर पिवळे आकडे आहेत ना ते बघा. पांढऱ्या पाटीची म्हणजे कुणाची तरी घरची, आणि दंड तुम्हाला.

तेरेखोलला रात्र मिळाली नाही याची भरपाई आम्ही ज्यांनी तो कोट बांधला त्यांच्याच दारात केली. रेडीचा द्विभुज गणपती आणि यशवंतगड बघून पुढे सावंतवाडी गाठली. मोती तलावासमोरच्या राजवाड्यात घराण्याने मोजक्याच खोल्यांचं हॉटेल सुरू केलंय, खोल्यांची सजावट गंजिफाच्या चित्रांवरून. गोल, हाताने रंगवलेल्या पत्त्यांची ही कला याच वाड्याने टिकवली. आत कारागीर बसून रंगवताना दिसतात. राजवाडा किल्ल्यासारखा नाही, तो माणसं आत यावीत म्हणूनच बांधलेला. उंच खोल्या, मोठ्या खिडक्या, व्हरांडा, बाग. खरं सांगायचं तर झोप इथे आग्वादपेक्षा चांगली लागली. चितारआळीतली लाकडी फळं-खेळणी घ्यायची असतील तर संध्याकाळीच जा. परत येताना महामार्गाने बांदा-पत्रादेवी मार्गे फोंडा, वाटेत पत्रादेवीला हुतात्मा स्मारकाशी थांबा. खोल्या मोजक्या असल्याने राजवाड्याचं बुकिंग आधी करा आणि त्याच्या तारखांवरून बाकीचं ठरवा, उलटं नको.