पाणी येतं का?

नवऱ्याची बदली नोएडाला झाली. हे पुढं गेले आणि कोल्हापुरातलं शुक्रवार पेठेतलं घर आवरायचं काम आईंच्या आणि माझ्या गळ्यात पडलं. तिकडं घर शोधणं व्हिडिओ कॉलवर चालू आहे. हे मोबाइल धरून रिकाम्या खोल्यांतून फिरतात आणि मी इकडं माळ्याखाली स्टुलावर उभी राहून, केसांत जळमटं घेऊन, मॉड्युलर किचन बघते.

परवा एजंटानं तळमजल्यावरचा एक फ्लॅट दाखवला. पुढं रुमालाएवढी बाग. आईंनी लगेच तुळशीची जागा पक्की केली. मी आपलं आधी विचारून घेतलं, "यहाँ पानी आता है क्या?"

एजंटाचा चेहरा उजळला. "चौबीस घंटे, मैडम!"

आईंनी मला कोपरानं ढोसलं. "काय म्हणला? चोवीस तास? नको गं बाई!"

पंचगंगेपासून पाच मिनिटांवर राहणाऱ्या माणसाला 'पाणी येतं का' याचा नळाशी संबंध आहे हे सुचतच नाही. आमच्याकडं जुलै लागला की राजाराम बंधाऱ्याची पातळी तोंडपाठ असते. 39 फूट म्हणजे इशारा, 43 म्हणजे धोका. राधानगरी धरणाचे दरवाजे उघडले म्हटलं की फ्रिज विटांवर चढतो. 2019 साली पातळी 55 फुटांच्या वर गेली आणि विटांचा काही उपयोग राहिला नाही. हे म्हणाले, "अगं, इथं कसला पूर?" मी म्हटलं, 2023 च्या जुलैमध्ये दिल्लीत यमुना 208.66 मीटरला गेली होती, सगळे विक्रम मोडून. नोएडातल्या सखल भागातनं माणसं हलवली होती. आपण फुटात मोजतो, ते मीटरमध्ये, एवढाच फरक. त्यावर ह्यांनी कॅमेरा बाथरूमच्या टाइल्सकडं वळवला.

आवराआवरीचा नियम म्हणे असा, वर्षभर जी वस्तू लागली नाही ती टाकायची. नियम करणारा चौथ्या मजल्यावर राहत असणार. आमच्या घरात वर्षभर न लागणाऱ्या वस्तूच खऱ्या कामाच्या. जाड दोर, मोठी बॅटरी, झाकणाचे चार प्लॅस्टिकचे डबे आणि जिन्याखाली रचलेल्या चोवीस विटा. त्या ऑगस्टमधल्या एका आठवड्यासाठी असतात, आणि तो आठवडा आला नाही तर आपलं नशीब.

बरं, काय ठेवावं आणि काय टाकावं हे ऐनवेळी आपोआप कळतं म्हणावं, तर तेही खरं नाही. 2019 ला घरात पाणी शिरलं तेव्हा ह्यांनी कमरेएवढ्या पाण्यातनं डोक्यावर एक खोकं घेतलं आणि शेजारच्या माडीवर सुखरूप पोचवलं. उघडलं तर आत तीन दिवाळ्यांपूर्वीचा आकाशकंदील आणि बंद पडलेली लाइटची माळ. लग्नाचा अल्बम खालीच राहिला.

तो अल्बम काल हाती लागला. चिखल वाळून त्याची वीट झालीय. चाकूचं टोक घालून एक पान सोडवलं, तर फोटोचा रंग समोरच्या पानावर निघून आला. ह्यांचा फेटा शाबूत, खाली चेहरा नाही. माझ्या शालूचे काठ तेवढे लखलखीत. पुढचं पान सोडवलं नाही. रद्दीत टाकवेना, न्यावासा वाटेना. शेवटी पिशवीत गुंडाळून साड्यांच्या खोक्यात तळाशी सरकवला. आईंनी बघितलं, बोलल्या काही नाहीत, कारण त्याच खोक्यात त्यांनी पाच किलोचा गुळाचा रवा लपवला होता, तो मी बघितला होता.

बाकीचं भराभर निघालं. तांब्याचा बंब मोडीत गेला. भंगारवाल्यानं प्लायच्या कपाटाचा फुगलेला तळ बोटानं दाबला, "पुरातलं हाय न्हवं?" म्हणाला आणि भाव पाडला. आमच्यात छातीपर्यंत होतं, हेही त्यानंच सांगितलं. मग मला घासाघीस करवेना. घरही ठरलं, सहावा मजला. आईंना लिफ्टची भीती वाटते, पण चोवीस तास पाण्यापेक्षा लिफ्ट बरी म्हणतात.

काल संध्याकाळी शेजारच्या वहिनी आल्या. सोफा देऊ का विचारलं, नको. पाटा-वरवंटा? नको. जिन्याखाली वाकून म्हणाल्या, "त्या विटा न्हेताय काय तिकडं?"

"न्या की सगळ्या."

पोरगं चार-चार करून विटा नेऊ लागलं. शेवटच्या फेरीला वहिनींनी त्याला थांबवलं, दोन विटा काढून उंबऱ्यावर ठेवल्या. "ऱ्हाऊ द्या तुमास्नी. परका मुलूख हाय."

पॅकर्सच्या माणसानं आज सकाळी यादी केली. फ्रिज एक, वॉशिंग मशीन एक, पेन थांबवून त्यानं माझ्याकडं बघितलं, आणि मग लिहिलं, विटा दोन.